माळावर कुणी नाही, असं मी लिहिलं

"ही त्यांच्यातलीच आहे," सर म्हणाले आणि हातातलं पेन माझ्याकडे केलं. नकाशावरचा एखादा ठिपका दाखवावा तसं.

भूगोल विभागातली बैठकीची खोली. पडद्यावर माण आणि आटपाडी तालुक्यांच्या हद्दीवरचा माळ, उपग्रहातून दिसतो तसा. टेबलापलीकडे सौरऊर्जा कंपनीची तीन माणसं. त्यांना त्या माळावर पॅनेल बसवायची होती. त्यासाठी माळ कुणी वापरत नाही, असा अहवाल हवा होता. सर त्या संशोधन प्रकल्पाचे प्रमुख. मी प्रकल्प सहायक. पडद्यावरची चित्रं पुढे सरकवणारी.

"त्यांच्यातली म्हणजे?" कंपनीतल्या एकानं विचारलं.

"धनगर. आणि हिनंच प्रत्येक पॉइंटवर जाऊन लिहिलंय, चराई नाही. याहून मोठा पुरावा काय देऊ तुम्हाला?"

त्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाटत नाही हं."

सगळे हसले. मीही हसले. थोडंसं, ओठ मिटून. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

मी सरांना माझी जात कधीच सांगितली नव्हती. प्रवेशाच्या कागदांत ती होती. कागद विभागाच्या कपाटात. त्यांनी ते कधी काढून पाहिले? मला या कामावर घेण्याआधी, की नंतर? मुलाखतीत त्यांनी मला रिमोट सेन्सिंगचा एकच प्रश्न विचारला होता. बाकी सगळे प्रश्न गाव कोणतं, घरी कोण, यांचे. तेव्हा मला ती आपुलकी वाटली होती.

एरवी मी सावध असते. पप्पा फौजेत होते. त्यांनी मला सांगलीत इंग्रजी शाळेत घातलं. "कुठली तू?" असं कुणी विचारलं की मी "सांगली" म्हणते आणि थांबते. "मूळची कुठली?" हा प्रश्न मागून येतोच. त्याआधी विषय बदलायला मी शाळेतच शिकले. मूळ गाव त्याच माळाच्या कडेला आहे. तिथे माझे काका आणि काकी राहतात. त्यांची मेंढरं आहेत. हे मी विभागात कुणाला सांगितलं नव्हतं.

पाहणी आम्ही एप्रिलमध्ये केली होती. उपग्रह वरून गवत ओळखतो, ते परतलेल्या प्रकाशावरून. पण माणूस त्या जमिनीचं काय करतो, ते त्याला कळत नाही. म्हणून कुणीतरी त्या त्या जागी जाऊन उभं राहायचं, चारी बाजूंना बघायचं, फोटो काढायचा आणि मोबाइलवरचा फॉर्म भरायचा. ते काम माझं होतं. रकाना होता: सध्याचा वापर. मी प्रत्येक ठिकाणी लिहिलं: काही नाही. खोटं लिहिलं नाही. माळावर खरंच कुणी नव्हतं. वाळलेल्या लेंड्या पायाखाली चुरत होत्या. चुलीचे तीन काळे दगड दिसले. फॉर्ममध्ये त्यांना जागा नव्हती, मीही केली नाही.

जीप काकांच्या घरावरून गेली. दाराला कुलूप. मला बरं वाटलं. कुणी हाक मारणार नव्हतं.

बैठक झाली जुलैत. त्यानंतरच्या रविवारी मी एसटीनं गावी गेले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. 'त्यांच्यातली' म्हणून माझी साक्ष काढली होती. मग त्यांच्यातलं मला नक्की काय माहीत होतं?

माळ भरलेला होता. गुडघ्याला लागेल एवढं गवत आणि त्यात कळपामागून कळप.

"आली का आमची इंग्लिस मॅडम!" काकी लांबूनच ओरडली. "वाट चुकलीस व्हय?"

मी तिला सगळं सांगितलं. पाहणी, फॉर्म, कंपनी. शेवटी म्हणाले, "काकी, एप्रिलमध्ये इथं कुणीच नव्हतं. मी स्वतः बघितलं."

"आगं, चैतात हितं मेंढरं काय दगडं खात्यात? दिवाळी झाली का आमी खाली नदीकडं जातो. उसाच्या रानात खताला मेंढरं बसवाय. मिरगाला माघारी. तुझा बा बी ल्हानपनी चालत जायाचा की. सांगितलं न्हाई त्येनं?"

नव्हतं सांगितलं. आणि मी विचारलंही नव्हतं.

"घराकडं तरी यायचंस."

"कुलूप होतं."

"मग?" तिचं हसू गेलं. "कुलूप बघून तुला कळलं न्हाई, मानसं कामाला गेल्याती म्हून? येवढी शाळा शिकलीस, आन् लिवलंस काय, तर हितं कोन न्हाई."

मी मान खाली घातली. ती पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवून कळपाकडे निघून गेली. सरांच्या बैठकीत वाटला नव्हता एवढा अपमान मला तिथे वाटला. पण हा माझा मीच ओढवून घेतलेला होता.

परतताना एसटीत एक गोष्ट आठवली आणि खिडकीला टेकलेली मी सरळ होऊन बसले. एप्रिलमध्ये त्याच माळावर, जीपला टेकून सर ड्रायव्हरला सांगत होते, "या दिवसांत हा अख्खा पूर्व भाग आमच्याकडं खाली नदीकाठाला आलेला असतो. पलूसला आमच्या रानात आत्ता मेंढरं बसलीत. लेंडीखत म्हणजे एक नंबर."

म्हणजे त्यांना माहीत होतं.

महिना त्यांनी निवडला होता. मलाही त्यांनीच निवडलं होतं.

सोमवारी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. तिथे विभागातले आणखी एक प्राध्यापक चहा घेत बसले होते. मी म्हणाले, "सर, पाहणी पावसाळ्यात पुन्हा करावी लागेल. कळप उन्हाळ्यात तिथं नसतात."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या काकीनं."

सर त्या प्राध्यापकांकडे वळले. "ऐकलंत? आता हिची काकी आपला रिपोर्ट तपासणार."

ते प्राध्यापक चहा घेता घेता हसले. सरांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. प्रत्यक्ष पाहणी करणाऱ्याचं प्रमाणपत्र. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट, ठळक अक्षरांत. "हे बघ बाळ, भावना घरी ठेवायच्या. इथं डेटा चालतो. आणि डेटा तुझाच आहे. सही कर."

"नाही करणार, सर."

"तुझा पीएचडीचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे. माहीत आहे ना?"

"हो."

"तुमच्या लोकांना वर घ्यायला गेलं की हे असं."

मी तो कागद त्यांच्याकडे परत सरकवला. म्हणाले, "एप्रिलमध्ये मेंढरं तुमच्या रानात होती, सर. तुम्हाला ठाऊक होतं."

दुसऱ्या प्राध्यापकांनी कप खाली ठेवला. सरांनी कागद उचलून फायलीत ठेवला. मग म्हणाले, "बाहेर जा."

मी गेले. त्याच दुपारी संशोधन समितीला पत्र लिहिलं: माझ्या नावावरच्या नोंदी एकाच ऋतूतल्या आहेत, त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, मी त्या मागे घेत आहे. आवक-जावकच्या खिडकीवर कारकून म्हणाला, ठेवून जा. मी पोच घेतल्याशिवाय हलले नाही. शिक्क्याची तारीख वाचून पाहिली. फोटो काढला आणि तो तीन ठिकाणी ठेवला.

अजून उत्तर आलेलं नाही. माझं काम बंद झालंय. अर्ज कुठे आहे, कुणी सांगत नाही. प्रमाणपत्रावर दुसऱ्या कुणाची तरी सही घेतली असेल, असा माझा अंदाज आहे. विभागातली एक मैत्रीण हल्ली माझा फोन उचलत नाही.

माळावरच्या पॅनेलांबद्दलच्या हरकती ऐकायला सरकारी अधिकारी गावात येणार आहेत. मंडप घालतील, कंपनीचे लोक खुर्च्यांवर बसतील, सरही असतील. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. वर्गात हजेरी देतानाही मी अडखळायचे. त्या दिवशी मी उठणार आहे. आधी माझं नाव सांगणार, मग जात, मग गाव, कुणी विचारायच्या आत. आणि मग सांगणार की पाहणी मी केली, चुकीची केली, आणि ती तशीच व्हावी म्हणून मला एप्रिलमध्ये इथे आणलं होतं. अडखळले, तर पुन्हा पहिल्यापासून सांगेन. अधिकारी लिहून घेईपर्यंत खाली बसणार नाही.