काकांच्या बांधीतून उतरलेलं पाणी

आपल्या कॅम्प-१ वस्तीतल्या ज्या घरांनी यंदा माझ्याकडे सेंद्रिय तांदूळ सांगून ठेवला आहे, त्यांनी हे जरूर वाचावं.

जामुलजवळच्या आमच्या शेतात पाणी वरच्या बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यातून, खालच्या बांधीत उतरतं. वरची बांधी काकांची, खालची माझी. पाण्याला दुसरी वाट नाही. युरिया टाकण्याआधी काका मला सांगतात आणि मी आधी माझी बांधी भरून घेऊन काही दिवस बांधाचं तोंड बुजवून ठेवतो. आज सकाळी पोहोचलो तेव्हा काकांचा युरिया टाकून झाला होता आणि ते पाणी माझ्या धानात येत होतं.

"काका, सांगाचं तरी होतं!"

"फुकटात खत भेटून राहिलं तुले, अन् कावून तोंड पाडून राहिला?" काका हसले. मग म्हणाले, "सारेच तुयासारखे पिकवाले लागले, तं दुनियेचं पोट भरणार हाये काय?"

माझं पीक त्यांच्यापेक्षा कमी येतं, हे खरं आहे. पण तुम्ही तांदूळ सांगितला तो बिनारसायनाचा म्हणूनच.

मी चिखलाने बांधाचं तोंड बुजवलं. पण धान पोटरीत आहे, लोंबी अजून बाहेर पडायची आहे. आता पाणी अडवलं तर दाणा भरणार नाही. दुपारी ते तोंड मीच पुन्हा उघडलं.

त्यामुळे यंदाचा तांदूळ मी सेंद्रिय म्हणून देणार नाही. साधा तांदूळ म्हणून घ्याल का? नको असेल तर तसं लिहा, पण उत्तर न देता राहू नका.