पाव मिलिमीटर

दोन हजार बावीस साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा. पौषातलं कोवळं ऊन शिंदखेड्याच्या रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर पडलं, की त्यावर मोराच्या मानेचे रंग उमटत, आणि त्यातून जो उग्र, ऊबदार वास यायचा तो मला अगरबत्तीहून पवित्र वाटायचा. त्या वासात मी पन्नास वर्षं चाकं खोलली आणि बसवली. शाळा चौथीपर्यंत, पण अंगठ्याच्या विद्येत मला आव्हान देणारा या पंचक्रोशीत कोणी जन्मला नाही, असं मी मानायचो. मानायचो कशाला, बोलूनही दाखवायचो!

चाकाचा नट ही किती क्षुद्र वस्तू! आणि अख्खं चाक, वरचा भार, आतला माणूस, सगळं तिच्या विश्वासावर धावतं. नटाला दोन मापं असतात, तुम्हांला सांगतो. पहिलं बारा मिलिमीटर, म्हणजे तो ज्या स्टडवर, चाकातून बाहेर आलेल्या आटे पाडलेल्या दांड्यावर, चढतो त्या स्टडची जाडी. ती कुणालाही दिसते. दुसरं माप आट्यांचं, म्हणजे एका आट्यापासून पुढचा आटा किती लांब. कुठे दीड मिलिमीटर, कुठे सव्वा. फरक पावाचा, लग्नपत्रिकेच्या जाड कागदाएवढा. बाहेरून दोन्ही नट जुळे भाऊ, दोघांना एकोणीसचाच पाना लागतो. खरा नट दोन बोटांनी फिरवत तळापर्यंत जातो. परका नट दोन फेरे गोड बोलतो आणि अडतो. माणसांचंही याहून वेगळं काय असतं?

त्या सकाळी सुकलाल आला. कापसाचा शेतकरी, स्वतःची पिकअप स्वतः चालवणारा. मागच्या चाकाचे स्टड-नट झिजले होते. सहा नवे स्टड रशीदभाईनं लेथवर करून दिले. वीस वर्षांपासूनचा शेजारी, भिंतीला भिंत, सकाळचा चहा एकाच किटलीतला. नट मी माझ्या डब्यातले काढले. दोन फेरे गेले आणि अडले.

रशीदभाई दारातून म्हणाला, "नाना, पट्टी लाई देखा." म्हणजे आट्यांना पट्टी लावून बघा. त्याच्याकडे आटे मोजायची, घडीच्या चाकूसारखी, दातेरी पात्यांची पट्टी होती.

"मना अंगठाच पट्टी शे," मी म्हणालो. "तुझे आटे ताजे आहेत, म्हणून कडक जातात."

"अंगठ्याला चष्मा लावा मग!"

सुकलाल हसला. "नाना, गाडी बठ्ठी, गच्च भरेल शे, लवकर करा."

ते हसणं मला झोंबलं. मी पान्याला पाइप लावला, अंगाचा भार टाकला आणि सहाही नट कसले. घट्ट झाले. पण परका नट घट्ट होतो तो स्वतःच्याच आट्यांत चावून. चाकाला तो धरतच नाही. हे मला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं! अभिमान असा असतो, की हाताला कळलेलं तो मनापर्यंत पोहोचू देत नाही.

आठ दिवसांनी दोंडाईच्याच्या वाटेवर चाक निघालं. पिकअप खड्ड्यात आडवी झाली आणि सुकलालची मांडी मोडली. सुकलालच्या गावची माणसं विचारायला आली तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते विचार करून निघालं नव्हतं, पण निघालं. "लोखंड कच्चं. लेथवाल्यानं फसवलं."

माझा शब्द त्या गावात प्रमाण होता, हेच दुर्दैव. महिन्याभरात त्या गावचा एकही ट्रॅक्टर रशीदभाईच्या दारात थांबेना. लेथचा घरघराट विरळ होत गेला. चहाची किटली त्याच्याकडून यायची बंद झाली आणि मीही पाठवली नाही. भिंतीपलीकडची ती शांतता मला दिवसभर ऐकू यायची. ऐकायला येते हो शांतता, अपराध्याला सगळ्यात जास्त!

फाल्गुनात एका दुपारी रशीदभाई आत आला. हातात त्या पिकअपचा तुटका स्टड, त्यावर चावून बसलेला माझा नट. त्यानं तो करवतीनं उभा चिरला होता. स्टडच्या तोंडाचे दोन आटे चुरगळलेले, पुढचे कोरे, जसे त्यानं कापले होते तसे. कोऱ्या आट्यांवर त्यानं दीडचं पातं ठेवलं, बसलं. नटाच्या चिरलेल्या पोटात सव्वाचं ठेवलं, तेही बसलं.

"लोखंड कच्चं नव्हतं, नाना."

मी म्हणालो, "मग गावात जाऊन दाखव."

"माझ्या तोंडून ती सफाई होईल," तो म्हणाला. "तुमच्या तोंडून खरं होईल." चिरलेला नट आणि पट्टी माझ्या पाटावर ठेवून तो गेला.

माझा राग त्याच्यावरच होता, हे लपवत नाही. माणूस ओरडला असता तर मीही ओरडलो असतो. इतक्या सभ्यपणे कुणी कुणाला उघडं पाडू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एस.टी.नं सुकलालच्या गावी गेलो. तो ओसरीवर बाजेवर पडला होता, मांडी अजून प्लास्टरमध्ये. पट्टी लावून त्याला दोन्ही आटे दाखवले. म्हणालो, "नट माझा होता. रशीदभाईचं काम चोख होतं."

त्यानं नट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "आते सांगतस का, नाना?"

मी पट्टी मिटली, ओसरी उतरलो आणि सुकलालच्या शेजारच्या घराची कडी वाजवली, तिथंही तेच सांगायला.