छावणीतला खुनाचा खेळ

भारतकाकाचं अक्षर चौसाळ्याच्या आसपास कुणालाही ओळखू येतं. डेअरीची पाटी, सोसायटीची पाटी, विहाराच्या कमानीवरची ओळ, सगळं त्याच्याच हातचं. त्याच्या 'च'चं पोट जरा जास्तच गोल असतं. "आपल्या घरात तेवढंच एक भरलेलं हाय," असं अंजनाकाकू म्हणायची.

२०१३च्या दुष्काळी उन्हाळ्यात रंगवायला काही उरलं नाही. काका-काकू गाभण गाय घेऊन चारा छावणीत राहायला गेले. छावणी एका सहकारी संस्थेने माळावर उघडली होती. तिथे काकाने एकच काम केलं, जनावरांच्या शिंगांवर नंबर टाकले. गायीला काकूने वासरू असल्यापासून हाताने चारलं होतं. छावणीबाहेर तिच्यासाठी ना काडी होती ना घोटभर पाणी. कालवड व्हायची, मग पाऊस यायचा, एवढं एकच काकूच्या डोक्यात होतं.

छावणीत दुपार सरत नाही. चारा टाकून झाला की माणसं जनावरांच्या बरगड्यांकडे बघत बसतात. अशाच एका दुपारी काकाला तो खेळ आठवला.

पुण्यात एका निवृत्त इंजिनिअरचं घर रंगवताना पावसाने काम अडलं, तेव्हा त्या आजोबांनी त्याला 'क्लूडो' शिकवला होता. एका बंगल्यात मालकाचा खून होतो. सहा संशयित, सहा हत्यारं, नऊ खोल्या. तीन पत्ते पाकिटात लपवायचे: कुणी मारलं, कशाने, कुठे. बाकीचे वाटून घ्यायचे आणि एकमेकांना विचारत पाकिटातलं ओळखायचं. आजोबांनी जन्मकथाही सांगितली होती. महायुद्धात विलायतेतली शहरं अंधारात बुडाली होती. हॉटेलांत पियानो वाजवणारा एक जण युद्धाच्या कारखान्यात कामाला लागला होता. घरात कोंडलेल्या त्या दिवसांत त्याने हा खेळ रचला, आणि पट आखायला बायको बसली. युद्ध संपलं, पण मालाची टंचाई संपेना, म्हणून खेळ बाजारात यायला काही वर्षं गेली. मग मात्र तो जगभर गेला. त्याच्यावर नाटक निघालं, सिनेमा निघाला, आणि बंगल्यात खून झाला की तिथल्या लोकांना तोच आठवू लागला.

"पट बायकोनं काढला व्हय? मग आण इकडं ब्रश," काकू म्हणाली.

सावलीला बांधलेलं एक फ्लेक्स उतरवून त्याच्या पांढऱ्या पाठीवर दोघांनी पट काढला. बंगला कुणी पाहिला होता? खोल्यांच्या जागी वजनकाटा, टँकरचा हौद, चाऱ्याची गंजी, ऑफिस असं आलं. हत्यारं म्हणजे विळा, कासरा, पहार. जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते झाले.

"मेलं कोन पर?" सुग्रीवमामाने विचारलं. मामा धनगर. मेंढरं पोरांबरोबर दूर गेलेली, तो दोन बैल घेऊन छावणीत.

"बैल मेला म्हणू," काका म्हणाला.

"थू! जनावराचं नाव काढू नगंस. मानूस मार."

"कोन मानूस?"

"चेअरमन!" पलीकडच्या दावणीची भिवराबाई म्हणाली. सगळे इतके हसले की बैलांनी माना वळवल्या. काकाने पटाच्या मधोमध 'चेअरमन' असं लिहून टाकलं.

खेळ लागला, पण लपवणं कुणाला जमेना. हातातला पत्ता फक्त विचारणाऱ्याला दाखवायचा, एवढाच नियम. मामा मात्र पत्ता डोक्यावर धरून ओरडायचा, "पहार माज्याकडं हाय!"

"मामा, लपवायचं असतंय!"

"कावून? चोरी केली का मी?"

तो जिंकलाही तसाच. पाणी पाजायला जाताना वाटेत भेटेल त्याला सांगत गेला, "चेअरमन वजनकाट्यावर मेला! इळ्यानं!"

ते छावणीचा व्यवस्थापक बंकट याच्या कानावर गेलं. तो आला, पट बघितला आणि 'चेअरमन'मधल्या 'च'वर बूट ठेवला.

"हे अक्षर कुणाचं, ते इचारायला नको. काय बे पेंटर?" त्याने कड उचलून फ्लेक्स पालथं केलं. छापील बाजूला संस्थेचे चेअरमन हात जोडून हसत होते. वाढदिवसाचं फ्लेक्स होतं. "सायेब आजारी हायत, अन तुमी रोज मारताव त्यांना? सकाळी गाय छावणीभाईर."

"दिवस भरलेत तिचे, दादा," काकू म्हणाली. "आमाला हाकला. तिला ठिवा."

"तुमची गाय हाय ना? मग न्या."

"गाय त्याची कुटं हाय?" मामा म्हणाला. या वेळी आवाज खालचा होता. "माजी हाय. परवाच घेतली."

बंकटने भिवराबाईकडे पाहिलं. "मामाचीच," ती म्हणाली. शेजारच्या सिदूला विचारलं. "मामाची." एकानेही पत्ता उघडा केला नाही.

बंकटला कळलं होतंच. पण सरकारी अनुदान जनावरं मोजून मिळायचं, त्यामुळे छावणीतलं जनावर कमी झालेलं संस्थेलाही नको होतं. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पर पेंटर अन त्याची बाई हितं दिसली, तर गाय बी दिसायची न्हाई."

त्यानंतर दोघं रोज दुपारी रस्त्यावर येऊन उभी राहायची, टँकरची वाट बघणाऱ्या बायकांमध्ये. कुंपणापलीकडून मामा सगळ्या माळाला ऐकू जाईल असा ओरडायचा.

"माजी गाय आज पानी लई पिली!"

"माजी गाय उठून हुबी ऱ्हायली!"

काकू ते ऐकायची, मान हलवायची, परत फिरायची.

एका दुपारी मामा कुंपणाशी आला. हातातला कासरा गुंडाळत राहिला. आत बंकट खुर्ची टाकून बसला होता. मग मामाचा आवाज आला, फाटलेला.

"माजी गाय अडली रातच्याला! गेली! कालवड वाचली!"

काकूचं तोंड उघडलं. बायका तिच्याकडे बघायला लागल्या. गाय मामाची होती. काकूने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती तापलेल्या रस्त्यावर खाली बसली.

काका तिच्यासमोर आडवा उभा राहिला आणि कुंपणाकडे बघत मोठ्याने म्हणाला, "मामा, तुमचं लई वाईट झालं."

"व्हय रं बाबा," मामा म्हणाला. "लई मायाळू व्हती."