साडूंचं पाणी

कोणावरही विश्वास न ठेवता माणूस सत्तरी ठणठणीत गाठू शकतो, याचा चालताबोलता पुरावा म्हणजे मुलुंडला राहणारे माझे थोरले साडू. कारखान्यात तयार माल तपासून नापास करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर त्यांनी उरलेलं जग तपासायला घेतलं. नारळवाल्याने 'गोड आहे' म्हटलेल्या नारळाबद्दल ते समोरच्या नारळवाल्याचं मत घेतात. डॉक्टरने 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं सांगितलं की दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, आणि त्यानेही तेच सांगितलं तर दोघं एकमेकांना मिळालेले असणार, याबद्दल त्यांची खात्री पटते. नव्या लिफ्टमध्ये ते मला आधी पाठवतात. मी सुखरूप वर पोचल्याचा फोन केला तरी ते जिन्यानेच येतात.

पाण्याच्या बाबतीत तर विचारू नका. नळाला बांधलेलं फडकं, मग तुरटी, मग उकळणं, मग पुन्हा गाळणं, एवढं झाल्यावर त्यांच्या घरी पाणी प्यायला मिळतं. तोवर तहान मरून गेलेली असते. त्यामुळे त्यांच्या मुलीच्या सासूबाईंनी बोरिवलीहून फोन करून, "पहिलं बाळंतपण माहेरी, हे आम्हाला मान्य आहे, पण आधी पाण्याचं मशीन बसवा, मगच तिला पाठवू," असं सांगितलं, तेव्हा साडूंचा पारा चढला. "माका पाणी शिकवतत!" असं एकदाच मालवणीत गरजले आणि दुसऱ्या दिवसापासून विक्रेत्यांना घरी बोलवायला लागले.

आता, कोकणातल्या माणसाच्या घरी कोणीही आलं की आधी पाण्याचा तांब्या पुढे होतो. साडूंनी त्याच तांब्याचा सापळा केला. पहिला विक्रेता उन्हातून आलेला, बिचारा गटागटा प्यायला. मग त्याने बॅग उघडून दोन तारा उरलेल्या पाण्यात सोडल्या, पाणी तपकिरी झालं, आणि तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "काका, तुम्ही रोज हे विष पिताय."

"आणि तू आत्ता काय प्यायलास?" साडूंनी विचारलं. तो बॅग आवरून निघून गेला. पुढच्या दोघांचीही तीच गत झाली. मग एक हुशार निघाला. त्याने तांब्याला हातच लावला नाही. साडूंना हे त्याहून झोंबलं. "आमच्या घरचं पाणी नको म्हणतो? असल्या माणसाचं मशीन घरात घेऊ?" म्हणजे पिणारा खोटा आणि न पिणारा उर्मट. मी म्हटलं, "अहो, मग पास होणार तरी कोण?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "ते त्यांनी बघावं."

दिवस मात्र भरत चालले होते. डोहाळजेवण झालं, बाळंतविड्याची दुपटी शिवून झाली, तरी स्वयंपाकघराची भिंत मोकळीच. शेवटी ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, पोळपाट बाजूला ठेवून म्हणाली, "बसा संशय घेत. पोर तिकडेच बाळंत होईल, मग आपण पाहुण्यांसारखे जाऊ बाळ बघायला." संध्याकाळी बाजारात जाऊन साडूंनी मशीन घेतलं. "हे पाणी शुद्ध असेल याची खात्री काय?" असं त्यांनी विचारल्यावर दुकानदार म्हणाला होता, "आतली कांडी वेळेवर बदलली नाय ना काका, तर माझा पण भरोसा नाय." आपल्यासारखाच संशयी माणूस भेटल्याचा त्यांना कोण आनंद झाला!

मशीन बसलं, पण ते पाणी प्यायची ताईलाही बंदी. फक्त साडू प्यायचे. एकदा सकाळी मी गेलो, तर बेसिनच्या आरशापुढे उभं राहून, बोटाने खालची पापणी ओढून, ते आपले डोळे निरखत होते. मला हसू आवरेना. म्हटलं, "काय हो, मशीनचे डोळे तपासताय की स्वतःचे?"

"हसू नको रे," ते म्हणाले. "ती दुसरीत होती तेव्हा हट्ट केला म्हणून मीच गाडीवरचा बर्फाचा गोळा घेऊन दिला होता. पुढे शाळेत जायचा कंटाळा करते म्हणून मी ओरडत राहिलो, आणि पोरीचे डोळे पिवळे झालेले मला दिसलेच नाहीत. कावीळ होती. हातातून जायची राहिली." पापणी सोडून ते पुन्हा आरशात बघायला लागले. "मला काही झालं नाही, तरच तिला द्यायचं."

त्यांना काही झालं नाही. रविवारी लेक आली. ताईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. लेक धापा टाकत खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "बाबा, पाणी द्या ना." साडूंनी ग्लास भरून दिला. तिने तो तोंडाशी नेला आणि मध्येच थांबून, मान वर करून वडिलांकडे पाहिलं.

"तुम्ही आधी पिऊन बघितलंत ना?"

"छे गं! चांगलं मशीन आहे. माणसाने जरा विश्वास ठेवायला शिकावं," साडू म्हणाले.

ती हसली आणि सगळं पाणी प्यायली. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडत आलेल्या त्या माणसाला मी पहिल्यांदाच धडधडीत खोटं बोलताना पाहिलं, आणि मला ते फार फार आवडले.