ढिगाच्या तळाची खडी

खाणीवर त्याला सगळे पारखी म्हणत. फोडलेली खडी बांधकामाला चालेल का, हे तो तीस वर्षं सांगत आला होता. धास्ती एकाच गोष्टीची, पायराइटची. लोखंड आणि गंधक यांचं हे खनिज, कुठल्याशा जुन्या समुद्राच्या हवाबंद चिखलात तयार झालेलं. दिसायला पितळेसारखं चकचकीत. त्यापासून गंधकाचं तेजाब काढतात. फरशीखाली मात्र ते वैरीच. ओल आणि हवा लागली की गंजतं, फुगतं, वरचं सगळं उचलतं. शिवाय जड. ढिगात तळाशी जाऊन बसतं. म्हणून नव्या माणसाला तो बजावायचा, "नमुना ढिगाच्या पोटातून घ्यायचा. वरचे दगड सगळेच साळसूद."

धाकट्या बहिणीच्या घराची खडी त्यानेच पास केली होती. "डोळे मिटून घाल," म्हणाला होता. दोन वर्षांत स्वयंपाकघरातली फरशी मधोमध वर आली. बहिणीने गवंड्याला चारचौघांत नावं ठेवली. त्यापायी त्याची दोन कामं हातची गेली. आज तिने गवंड्याला पारखीसमोर उभं केलं होतं.

"दादा, तूच सांग याला. भराव नीट ठोकला नाही ना याने?"

"ताई, ठोकून ठोकून माझे खांदे निखळले," गवंडी म्हणाला.

पारखीने उखडलेल्या फरशीखालचा एक खडा उचलला. फरशीचा तुकडा उलटा केला आणि खडबडीत बाजूवर तो घासला. हिरवट काळी रेघ उठली, पायराइटचीच. ती वाचता येणारा खोलीत तो एकटाच होता.

खडी पास केली त्या दिवशी गुडघा दुखत होता. फावडं घेऊन वाकायचं जिवावर आलं. वरचेच तीन दगड उचलले होते.

त्याचा अंगठा रेघेवर होता. पुसायला कितीसा वेळ लागला असता.

"याची चूक नाही," तो म्हणाला. मान वर झाली नाही. "खडीच वाईट होती. मी तळातून काढून पाहिलीच नाही."

बहीण म्हणाली, "मी याला वाट्टेल ते बोलले, तेव्हा तू इथेच बसून चहा पीत होतास, दादा."

गवंड्याने हात झटकले. "मला सांगून काय उपयोग? माझ्या बायकोला येऊन सांगा. दोन महिने ती मला आंधळा गवंडी म्हणतेय."

पारखी उठला. खडा खिशात टाकला, फरशीचा तुकडा काखेत मारला, आणि लंगडत गवंड्याच्या मागोमाग निघाला.