लाइन क्लिअरची आठ मिनिटं

"या महिन्यात पॅसेंजर वीस-बावीस वेळा तुझ्याकडे अडकली आहे," इन्स्पेक्टर साहेबांनी मेमो टेबलावर ठेवला. "आठ दिवसांत कारण दे. नाहीतर कन्फर्मेशन विसर."

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. शेगावच्या अलीकडे एका छोट्या स्टेशनवर मी असिस्टंट स्टेशन मास्तर होतो, तोही टेंपररी. घर साताऱ्याकडे. इथे गाव दोन मैलांवर. रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन कामापुरता बोलायचा. कधीकधी नुसता स्वतःचा आवाज ऐकायला म्हणून मी टाइमटेबल मोठ्याने वाचत असे. हसू नका, एकटं राहून बघा.

बोलणारा माणूस एकच, तोही तारेवर. पुढच्या स्टेशनचे तायडे मास्तर. गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनची परवानगी लागते, तिला लाइन क्लिअर म्हणतात. आपण घंटी देऊन मागायची, पुढच्या मास्तरने यंत्राची मूठ फिरवली की ती मिळते. त्या यंत्रावरचा फोन फक्त कामासाठी, असा नियम. तरी रोज काम झालं की तायडे विचारायचे, "जेवले का मास्तर?" भाकरी का तुटते, वांग्यात तेल किती, हे सगळं मी त्या फोनवर शिकलो. वर्षभरात त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. आमच्या ड्यूट्या एकाच वेळी, मग भेटणार कधी?

पॅसेंजर अडकायची ती लाइन क्लिअर उशिरा मिळायची म्हणून, हे मला ठाऊक होतं. पण शेजारच्या मास्तरचं नाव लिहायचं नाही, अशी आमच्यात रीत. मी कारणाच्या रकान्यात "ट्रॅफिक" लिहून मोकळा व्हायचो. रोजची सात-आठ मिनिटं अशी माझ्याच नावावर साचली.

मी कागद घेऊन बसलो. महिन्याभराच्या सगळ्या वेळा एकाखाली एक उतरवल्या आणि खालच्या ओळीतून वरची वजा करत गेलो. उत्तरं भलतीच आली. एक तर १०.५७ आणि ११.०५ मध्ये मी अठ्ठेचाळीस मिनिटं काढली. तास साठ मिनिटांचा असतो, हे घाईत शंभराच्या सवयीने विसरलो. शिवाय वरची ओळ मालगाडीची, खालची पॅसेंजरची. वेगळ्या गाड्यांच्या वेळा एकमेकींतून वजा करून काय निघणार? मग प्रत्येक गाडीच्या ओळी वेगळ्या काढल्या. लाइन क्लिअर मागितली कधी, मिळाली कधी, फरक किती.

चित्र लख्ख दिसलं. बाकी सगळ्या गाड्यांना एक-दोन मिनिटं. अकराच्या पॅसेंजरलाच सात, आठ, नऊ. त्यातही रविवारी दोनच. म्हणजे यंत्र ठीक होतं, त्या वेळी माणूस जागेवर नव्हता. मी स्वतःवर जाम खूश झालो. "रविवारी उशीर नाही" या वाक्याखाली लाल शाईने रेघ मारली. तायड्यांशी मी दोन दिवस जेवणाखाणाचंच बोललो आणि तिसऱ्या दिवशी तक्ता साहेबांना दिला.

साहेब कागद बघून म्हणाले, "डोकं आहे तुला."

कन्फर्मेशन आलं. तायड्यांची बदली झाली, लांबच्या एका यार्डात. क्वार्टर पंधरा दिवसांत खाली करायचं होतं. हे मला पॉइंट्समनने सांगितलं. मग रजा टाकली आणि मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डच्या डब्यातून, पुढच्या स्टेशनवर गेलो. सगळा मिळून बारा मिनिटांचा प्रवास.

तायडे आवाजावरून वाटायचे त्याहून म्हातारे होते. त्यांनी मला क्वार्टरमध्ये नेलं. खाटेवर त्यांची बायको होती, अर्ध्या अंगाला लकवा. स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. मुलगी सकाळचं सगळं करून साडेदहाला शाळेत जायची. मग अकराच्या सुमारास तायडे यायचे, बायकोला उचलून कुशीवर करायचे, चार घास भरवायचे. यंत्राची किल्ली नियमाने त्यांच्याच खिशात, दुसऱ्याकडे देता येत नव्हती. रविवारी मुलगी घरी असायची.

त्यांनी स्वतः चहा केला. मला कपाकडे बघवत नव्हतं. मी कशीबशी माफी मागितली.

"तुमचा हिशोब बरोबर हाय," ते म्हणाले. "माहं चुकत होतं, मले मालूम होतं. पन आपन तं रोज बोलत होतो ना मास्तर. मंग मले एकदा काऊन नाही इचारलं?"

विचारलं असतं तर मी गाडी येण्याच्या दहा मिनिटं आधीच लाइन क्लिअर मागितली असती. त्यांनी ती देऊन मग घरी जायचं. नियमात बसलं असतं आणि एका मिनिटाचाही उशीर झाला नसता.

त्यांच्या जागी नवा मास्तर आला. चोख माणूस. लाइन क्लिअर दीड मिनिटात द्यायचा आणि फोन ठेवून द्यायचा.

पुढे मीही इन्स्पेक्टर झालो. असा तक्ता कोणी आणला की मी आधी विचारायचो, या माणसाशी बोललात का? बहुतेक जण म्हणायचे, साहेब, आकडे स्वच्छ आहेत. मी तक्ता परत द्यायचो.