वेढ्यातला राजा

नामाकाका पाटलांनी भट्टीतून नुकताच निघालेला, स्वतः घडवलेला राजा माझ्या डोळ्यांदेखत हातोडीने फोडला. नवीन पनवेलच्या माझ्या सिरॅमिकच्या वर्गात सगळे जागच्या जागी थिजले. मी तर किंचाळलेच.

उरणकडचे हे साठीतले शेतकरी पन्हाळ्याच्या वेढ्यावरून बुद्धिबळाचा संच करत होते. प्यादी म्हणजे मावळे, समोर विजापूरची फौज. घाई होती, कारण त्यांच्या बायकोच्या, ताराकाकींच्या, आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. लग्नापासून दोघं रोज जेवणानंतर पट मांडत. या संचावर काकींशी एक तरी डाव व्हावा, एवढाच काकांचा ध्यास. आणि हे गृहस्थ तयार राजा फोडून बसले!

"काका, काय केलंत हे?"

"मॅडम, ह्ये महाराज हायेत. तारा भारी खेलते, मात करल. महाराजांवर मात? माज्या हातून नाय होनार."

"मग हे आधी नाही सुचलं?"

"आदी नुसती माती होती. आता तोंड दिसला."

मग त्यांनी दुसरा राजा घडवला: महाराजांना निसटता यावं म्हणून त्यांच्या वेशात पालखीत बसलेला तो न्हावी. तो वाळून, दोनदा भाजून निघेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. काकींनी तग धरला. काका संच घेऊन अक्षरशः नाचत घरी गेले.

त्याच आठवड्यात फोन आला. मला वाटलं, काकी गेल्या. गेले होते काका. डाव रंगात आला असताना, बसल्या जागी.

मी काकींना भेटायला गेले तर पट तसाच मांडलेला. काकींनी कोणाला हात लावू दिला नव्हता. मला जवळ बसवून त्या म्हणाल्या, "चाल माजी होती." आणि वजीर सरकवून मात करत त्यांनी काकांचा राजा आडवा केला.

जमलेल्या बायकांतून काकींच्या जाऊबाई ओरडल्याच, "काय करतस गो? सुतक हाय!"

"आजारी हाय म्हनून यांनी मना कदी मुद्दाम जिकू दिला नाय," काकी म्हणाल्या. "मी यांना कशी सोडू?"